जेवढं टोक, तेवढं सर्किट

पावसाळ्यात वर्तमानपत्रांत तीन नावं रोज शेजारीशेजारी छापून येतात: कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर. कुठे किती मिलिमीटर झाला आणि कोयना धरणाचा शिवसागर जलाशय किती टीएमसीवर गेला, हे वाचल्याशिवाय आमच्या भागात चहा उतरत नाही. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावात पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला बसलं, की पहिलं यंत्र पर्जन्यमापकाचंच निघतं. दोन कप्प्यांची चिमुकली बादली असते. ०.२ मिलिमीटर पावसाएवढं पाणी साठलं की ती कलंडते, तिच्यावरचं चुंबक रीड स्विचसमोरून जातं आणि काउंटरवर एक आकडा वाढतो. वर्षाचा हिशेब केला तर पंचवीस हजार वेळा कलंडणार. रोज सकाळी साडेआठला शून्यावर आणायचं म्हटलं तरी चार आकडी काउंटर हवा. प्रत्येक आकड्यामागे सीडी ४०२६ ही सोळा पायांची चिप, आणि प्रत्येक चिपपासून डिस्प्लेपर्यंत सात तारा. भोकांच्या तयार बोर्डावर हे सगळं वायरींनी जोडलं की पाठीमागे असं जंजाळ होतं, की चूक शोधायला बसणाऱ्यालाच चक्कर यावी.

म्हणून घरी पीसीबी करायला लागलो, आणि त्यासाठी पेन प्लॉटर. पद्धत साधी आहे. तांब्याचा पत्रा चिकटवलेल्या पाटीवर, म्हणजे कॉपर क्लॅडवर, न धुपणाऱ्या शाईने सर्किटच्या रेषा काढायच्या आणि पाटी फेरिक क्लोराइडच्या पाण्यात बुडवायची. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. हातानेही हे होतं. जुने लोक नेलपॉलिश आणि ऑइलपेंट वापरून करतच होते. पण अठ्ठावीस समांतर रेषा हाताने काढून पाहाव्यात, म्हणजे यंत्राची गरज पटते. प्लॉटर पेन धरतो, टेकवतो, ओढतो, उचलतो. बाकी सगळं आपल्यावर. त्या ‘बाकी सगळं’बद्दल हे चार शब्द.

१. आधी टोक मोजा, मग आराखडा काढा.

पेनावर छापलेली जाडी कागदावरची असते. कागद शाई पितो, तांबं पीत नाही, त्यामुळे शाई आडवी पसरते. ०.४ मिलिमीटरचं म्हणून घेतलेलं पेन तांब्यावर ०.६ ते ०.७ ची रेषा सहज काढतं, आणि टोक घासत जाईल तसतशी ती आणखी रुंद होते. नवं पेन आणलं की आधी टाकाऊ पाटीवर समांतर रेषांची एक पट्टी काढावी, भिंगाखाली व्हर्नियर लावून रेषा मोजावी आणि तो आकडा पेनावरच लिहून ठेवावा. तुमच्या सर्किटमधला सगळ्यात बारीक ट्रॅक तेवढा. दोन ट्रॅकमधली फट किमान तेवढीच.

आता या आकड्याचा परिणाम बघा. चिपच्या दोन पायांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर असतं. पायाभोवतीचा पॅड १.६ चा धरला तर दोन पॅडमध्ये ०.९४ ची गल्ली उरते. तिच्यातून ०.६५ ची रेषा न्यायची म्हणजे दोन्ही बाजूंना दीड दशांश मिलिमीटरसुद्धा मोकळीक नाही. कुठेतरी शाई जरा फुगली की शॉर्ट झालाच. यातून माझा पहिला नियम निघाला: चिपच्या पायांमधून ट्रॅक न्यायचा नाही. तो ट्रॅक वळसा घालून जाईल, बोर्ड बोटभर मोठा होईल, होऊ द्या. किकॅडसारख्या सॉफ्टवेअरमध्ये किमान रुंदी आणि किमान फट आधीच भरून ठेवता येते, मग तेच आडवं येतं आणि आपल्याला मोह होत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या पोरांचा इथे हमखास वाद होतो. “काका, मशीन पॉइंट झिरो वननं सरकतंय की!” सरकतंय रे बाबा. पण शाई कुठं तेवढ्यात थांबतीया?

आणखी एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. नेहमीच्या पाटीवर तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असतो. फेरिक फक्त वरून खाली खात नाही, शाईच्या कडेखालूनही साधारण तेवढंच आत शिरतं. दोन्ही कडा मिळून ०.०७ मिलिमीटर जातात. ०.६५ च्या रेषेला त्याचं काहीच वाटत नाही. ०.३ ची रेषा मात्र जवळजवळ पाव हिस्सा गमावते. बारीक रेषेचा सोस ज्यांना आहे त्यांनी हे आकडे भिंतीवर लावावेत.

२. जंपरला लाजू नये.

एकतर्फी बोर्डावर दोन रेषा एकमेकींना ओलांडत असतील तर एक रेषा तोडून वरच्या बाजूने तारेचा तुकडा टाकावा. कापलेल्या रेझिस्टरचे पाय त्यासाठीच जपून ठेवायचे असतात. ४०२६ च्या पायांचा क्रम आणि डिस्प्लेच्या पायांचा क्रम जुळत नाही. तिथे जंपर टाळण्यासाठी दुतर्फी बोर्ड करायला जाणारा माणूस हौशी आहे, शहाणा नाही.

३. थेट तांब्यावर, की फिल्मवर? हे प्लॉटर कोणत्या जातीचा आहे त्यावर ठरतं.

जुन्या प्लॉटरच्या दोन जाती. एकीत पेन आडवं फिरतं आणि कागद रोलरमध्ये पकडून पुढेमागे सरकतो. १९८० च्या दशकातला एचपीचा सहा पेनांचा ७४७५ए हा त्यातला नामांकित गडी. त्यात १.६ मिलिमीटर जाडीची ताठ पाटी जाणारच नाही, रोलर कागदासाठी केलेले आहेत. दुसऱ्या जातीत सपाट बैठक असते, कागद जागच्या जागी आणि पेनच दोन्ही दिशांनी फिरतं. रोलँडचे डीएक्सवाय प्लॉटर असे होते. त्यांच्यावर पाटी ठेवता येते, पण बैठक कागदाच्या उंचीची असते. पाटीमुळे पृष्ठभाग १.६ मिलिमीटर वर येतो, आणि उचललेलं पेनही तांब्यावर घासत जातं. पेन होल्डरमध्ये तेवढंच वर सरकवून बसवलं की काम होतं. असे प्लॉटर आता भंगारात किंवा जुन्या कचेऱ्यांच्या लिलावात मिळाले तर मिळाले. आपण घरी जे बनवतो ते जवळजवळ नेहमी या दुसऱ्या जातीचं.

रोलरचा प्लॉटर असेल तर त्याच्यावर पाटीऐवजी पॉलिस्टर फिल्म चढवावी. एका बाजूने खरखरीत असलेली, ड्रॉइंग ऑफिसात वापरायचे ती. तिच्यावर नळीच्या टोकाच्या ड्रॉइंग पेनाने काळं सर्किट काढायचं, फिल्म प्रकाशाला संवेदनशील लेप असलेल्या पाटीवर ठेवायची, अतिनील दिव्याखाली धरायची आणि कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात डेव्हलप करायची. यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे लेप पॉझिटिव्ह जातीचा हवा, ज्यात उजेड लागलेला भाग धुऊन जातो. बाजारात सहज मिळणारी ड्राय फिल्म उलट्या स्वभावाची असते. तिच्यात उजेड लागलेला भाग टिकतो, म्हणजे रेषा सोडून बाकी सगळी पार्श्वभूमी पेनाने काळी करायला हवी, आणि ते करण्यात पेन आणि आयुष्य दोन्ही संपतं. दुसरं म्हणजे शाईची घनता. फिल्म दिव्यासमोर धरून बघावी. रेषेत सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तीच रेषा वाळल्यावर पुन्हा एकदा त्याच जागेवरून काढून घ्यावी. पुन्हा त्याच जागी नेमकं जाणं हा प्लॉटरचा खरा गुण. ७४७५ए तर तेच पेन परत त्याच बिंदूवर ०.१ मिलिमीटरच्या आत आणतो.

पोलादी नळी पॉलिस्टरवर लवकर झिजते. फिल्मसाठी टंगस्टन कार्बाइडच्या किंवा रत्नाच्या टोकाची पेनं येतात ती यामुळेच.

धरणाच्या गावात राहणाऱ्याला ही पेनं नवी नसतात. पाटबंधारे खात्यात आरेखक आणि अनुरेखक अशी दोन पदं होती. आरेखक नकाशा काढायचा, अनुरेखक तो ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायचा आणि मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या. नळीचं पेन उभंच धरायचं, थांबायचं असेल तर आधी उचलायचं, आणि काम संपलं की शाई आत वाळू द्यायची नाही, हे नियम तेव्हाचे. प्लॉटर पहिला नियम आपोआप पाळतो. दुसरा आपण प्रोग्रॅममध्ये लिहावा लागतो. तिसरा पाळायला अजून तरी कुठलं यंत्र आलेलं नाही.

कुठला मार्ग निवडावा? एखादाच बोर्ड हवा असेल तर थेट तांब्यावर. तोच बोर्ड शाळेतल्या पंधरा पोरांना द्यायचा असेल तर फिल्म. एक फिल्म नीट काढली की तिच्यावरून कितीही पाट्या निघतात.

४. मशीनवर पैसे कमी, पेन-होल्डरवर वेळ जास्त.

नेमा १७ मापाच्या दोन स्टेपर मोटर, जीटी-२ पट्टा, वीस दातांची पुली, आर्डुइनो आणि त्याच्यावर जी-कोडच्या आज्ञा वाचून मोटरी चालवणारा जीआरबीएल हा प्रोग्रॅम. एवढ्यावर घरचा प्लॉटर उभा राहतो. मोटर एका फेऱ्याला दोनशे पावलं टाकते, ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे सोळा भाग करतो, आणि पुली एका फेऱ्यात पट्टा ४० मिलिमीटर ओढते. म्हणजे मिलिमीटरला ८० पावलं, एक पाऊल सव्वा शतांश मिलिमीटरचं. आपलं टोक ०.६५ चं. यापेक्षा बारीक पाऊल मिळवण्यासाठी खर्च करणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं.

खरी ढिलाई असते ती पेन जिथे वरखाली होतं तिथे. पेन बोटाने हलवून बघा. टोक जरासं जरी डुगडुगलं, तर डावीकडून काढलेली रेषा आणि उजवीकडून काढलेली रेषा एकमेकींवर बसत नाहीत आणि वर्तुळ जुळत नाही. तपासायला सोपी युक्ती आहे. एक बारीक वर्तुळ काढायला लावा आणि सुरुवात-शेवट भिंगाखाली बघा. जुन्या सीडी ड्राइव्हमधली गुळगुळीत दांडी आणि तिच्यावर बसणारी बुशिंग या कामाला फार चांगली. त्याच ड्राइव्हच्या मोटरींवर आख्खा प्लॉटरही करतात, पण त्याची धाव जेमतेम चार सेंटिमीटर भरते. खेळणं म्हणून ठीक.

५. पेन दाबू नका, टेकू द्या.

सर्व्हो मोटरने पेन खाली दाबलं तर टोक चेपतं आणि रेषा फुगते. सर्व्होने फक्त उचलावं. खाली आणताना हात काढून घ्यावा आणि पेन स्वतःच्या वजनाने तांब्यावर बसावं. वजन कमी वाटलं तर होल्डरवर एखादा नट ठेवा. यामुळे पाटी थोडी वाकडी असली तरी पेन तिच्या चढउताराबरोबर जातं. तरीही पाटी काचेच्या तुकड्यावर दुतर्फी टेपने चिकटवलेली बरी. हायलमची स्वस्त पाटी तर हमखास पन्हाळलेली असते.

सर्व्होला एका झटक्यात खाली सोडलं की प्रत्येक रेषेच्या सुरुवातीला शाईचा गोळा पडतो. हळू उतरवा. आणि रेषेची सुरुवात शक्यतो पॅडमध्ये करा, म्हणजे गोळा पडला तरी पॅडच्या पोटात जातो.

६. वेग कमी ठेवा.

एचपी-जीएल या प्लॉटरच्या जुन्या भाषेत वेगासाठी ‘व्हीएस’ ही आज्ञा आहे, सेंटिमीटर प्रति सेकंदात. ७४७५ए कागदावर ३८ च्या वेगाने धावतो. तांब्यावर त्याच्या दहाव्या हिश्शाने सुरुवात करावी. पेन जोरात ओढलं की शाई मधेमधे विरळ पडते, आणि विरळ जागा डोळ्यांना दिसत नाही, फेरिकला दिसते. उलट फारच हळू गेलं तर शाई पसरते. मधला वेग प्रत्येक पेनाचा वेगळा असतो. पहिल्या नियमात सांगितलेली पट्टी वेगवेगळ्या वेगांनी काढून ठेवली की दोन्ही कामं एकदम होतात.

जाता जाता सांगतो, ही भाषा उघड्या डोळ्यांनी वाचता येते. पीयू म्हणजे पेन वर, पीडी म्हणजे पेन खाली, पुढचे आकडे म्हणजे जागा, एक आकडा ०.०२५ मिलिमीटरचा. पोरांना मी आधी या भाषेत हाताने एक चौकोन लिहायला लावतो. ज्याने चौकोन लिहिला त्याला पुढे जी-कोडची भीती वाटत नाही.

७. तांबं घासण्याची विद्या घरातच आहे.

ज्या घरात तांब्याचा बंब आणि पूजेची भांडी आहेत तिथे पीसीबी घासायला वेगळं रसायन आणायचं कारण नाही. पितांबरी चालते. चिंच-मीठ चालतं. घाट उतरला की पलीकडे कोकण, त्यामुळे आमच्याकडे आमसुलाला तोटा नाही, तेही चालतं. आंबटाने तांब्यावरचा काळपटपणा जातो. त्यानंतर हिरव्या घासणीने एकाच दिशेने हलक्या हाताने ओरखडे पाडावेत, आरशासारख्या गुळगुळीत तांब्यावर शाई धरत नाही. मग भरपूर पाण्याने धुऊन, पुसून, शेवटी स्पिरिटचा हात. त्यानंतर तांब्याला बोट लावायचं नाही. ठशातलं तेल शाईला बसू देत नाही, आणि फेरिकमधून काढल्यावर नेमका तिथेच ट्रॅक तुटलेला सापडतो. पाटी कडांनी धरावी, मुलांना हे दहादा सांगावं लागतं.

८. शाईची परीक्षा फेरिकच घेतो, दुकानदार नाही.

‘परमनंट’ असं लिहिलेलं प्रत्येक पेन टिकत नाही. स्पिरिटवर बनलेली शाई हवी, पाण्यावरची पहिल्या मिनिटाला सुटते. ओएचपीच्या पारदर्शक पट्ट्यांसाठीची पेनं आणि सीडीवर लिहायची पेनं बहुधा चालतात. स्टेडलरच्या ल्युमोकलर पेनांत ३१३ हे ०.४ चं आणि ३१८ हे ०.६ चं, दोन्ही या कामासाठी जगभर वापरली गेली आहेत. पण नावावर जाऊ नका. दुकानात दिसतील ती चार-पाच पेनं एकेक आणा, एकाच पाटीवर प्रत्येकाची रेषा काढा, शेजारी पेनाचं नाव लिहा आणि पाटी फेरिकमध्ये टाका. जे उरेल ते आपलं. काळाच रंग चांगला असतो असंही नाही. परीक्षा सगळ्या रंगांची घ्यावी.

एक मात्र उलटं आहे. फिल्मवर दुसरा हात दिला की शाई दाट होते. तांब्यावर स्पिरिटच्या पेनाने लगेच दुसरा हात दिला तर नव्या शाईतलं स्पिरिट जुनी शाई विरघळवतं आणि टोक ती खरवडून बाजूला सारतं. दुसरा हात द्यायचाच असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या, आणि पेन थोडं जास्त वेगाने न्या.

पेनाचं टोपण काढून ठेवलं की टोक सुकतं. एचपीच्या प्लॉटरमध्ये पेनं चक्रीत ठेवली की त्यांची तोंडं बंद होतात, घरच्या यंत्रात ती सोय नाही. म्हणून पाटीशेजारी कागदाची पट्टी चिकटवावी आणि प्रोग्रॅमची पहिली रेषा तिच्यावर पडेल असं करावं. शाई वाहती झाली की मग तांब्यावर जावं.

९. जून ते सप्टेंबर या कामाचं शास्त्र वेगळं असतं.

पुण्या-मुंबईच्या माणसाला हे पटत नाही. आमच्याकडे जुलैत भिंती ओल्या, कपडे आठवडाभर दमट, मिठाची बरणी पाणी सुटलेली. अशा हवेत घासलेलं तांबं बघता बघता काळवंडतं, आणि शाईतलं स्पिरिट उडताना पाटी गार पडून तिच्यावर बाष्प धरतं. शाईखाली बाष्प अडकलं की पुढे ती खपलीसारखी निघते. उपाय साधा. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब पाटीच्या वर वीतभर अंतरावर लावायचा आणि पाटी कोमट झाल्यावरच प्लॉटर सुरू करायचा. काढून झाल्यावरही पाटी त्याच बल्बखाली ठेवायची. एलईडीने हे होत नाही, त्याला तेवढी उष्णता नाही.

फेरिक क्लोराइडचे पिवळट-तपकिरी खडे हवेतलं पाणी ओढतात. इतर ठिकाणी ते डबा उघडा राहिला तर जरा ओलसर होतात, इथे पावसाळ्यात त्यांचा रस होतो. तो वाया जात नाही, पाणी घालून द्रावणच करायचं असतं. पण वजनावर मोजून घेतलेलं माप चुकतं, कारण त्यात पाणी किती आलं ते कळत नाही. मी पुण्याहून, तपकीर गल्लीच्या बाजूने, खडे आणले की उन्हाळ्यातच सगळ्यांचं द्रावण करून प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवतो. कॅनवर ठळक अक्षरात नाव. लहान मुलांच्या घरात ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

गार हवेत फेरिक सुस्त होतं. जे काम उन्हाळ्यात वीस मिनिटांत होतं ते पावसाळ्यात तासावर जातं, आणि तितका वेळ शाई दम धरत नाही. फेरिकचा ट्रे गरम पाण्याच्या परातीत ठेवावा. चाळीस अंशांच्या आसपास पुरे, फार तापवलं तर शाईच मऊ पडते. ट्रे प्लॅस्टिकचाच हवा. ॲल्युमिनियमच्या भांड्याला फेरिक खाऊन टाकतं.

आणि वीज. १९६० मेगावॅटचा प्रकल्प उशाशी असला तरी वादळी पावसात झाड तारेवर पडायचं ते पडतंच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्याकडे शब्दशः असतो. घरच्या प्लॉटरच्या मोटरींना आपण कुठे आहोत ते माहीत नसतं, फक्त किती पावलं टाकली ते माहीत असतं. वीज गेली की ती स्मृती जाते. म्हणून पाटीच्या दोन कोपऱ्यांत बारीक फुल्या आधी काढून घ्याव्यात. वीज आल्यावर टोक पहिल्या फुलीवर हाताने आणायचं, दुसऱ्या फुलीवर जाऊन जुळतं का बघायचं, आणि प्रोग्रॅम जिथे तुटला तिथून पुढे चालू. मोठा बोर्ड असेल तर प्रोग्रॅमचे तुकडे करून ठेवणं आणखी सोयीचं.

पाहुणे विचारतात, भूकंपाच्या धक्क्याने रेषा हलत नाही का? इथले लहान धक्के पाटी चिकटवलेली असली तर रेषेत दिसत नाहीत. शेजारून वाळूचा ट्रक गेलेला दिसतो.

१०. पॅडच्या मधोमध एक ठिपका कोरा ठेवा.

प्लॉटर पॅड भरतो तो एकात एक वर्तुळं काढून. सगळ्यात आतलं वर्तुळ गाळावं. एचिंग झाल्यावर मधोमध तांब्यात बारीक खळगा राहतो आणि ०.८ मिलिमीटरचं ड्रिल आपसूक त्यात बसतं, घसरत नाही. सोळा पायांच्या चिपची भोकं सरळ रेषेत पडतात ती या खळग्यांमुळे. एवढ्या एका गोष्टीसाठी मी प्लॉटर ठेवीन, बाकी सगळं हाताने करावं लागलं तरी.

११. उलटसुलट तपासायला तांब्यावर एक शब्द लिहा.

पार्ट वरून बसतात, ट्रॅक खाली असतात. सॉफ्टवेअर खालचा थर वरून बघितल्यासारखा दाखवतं. तो तसाच तांब्यावर काढला तर चिपचे पाय डावे-उजवे होतात. प्रत्येक बोर्डावर मी तांब्याच्याच थरात ‘कोयना’ लिहितो. तांब्यावर शब्द सुलटा वाचता आला की सर्किटही सुलटं. फिल्मच्या मार्गाने जायचं असेल तर शाईची बाजू तांब्याला टेकली पाहिजे, म्हणून फिल्मवर शब्द उलटा हवा. शाई वरच्या बाजूला राहिली तर फिल्मच्या जाडीतून उजेड आडवा शिरतो आणि कडा पुसट होतात.

१२. बाहेरून मागवणं स्वस्त असेल तर मागवा.

गर्बर फाइल पाठवली की कारखान्यातून दुतर्फी, हिरवा लेप दिलेले, भोकं पाडलेले बोर्ड टपालाने येतात, आणि पाच बोर्डांचा खर्च कधीकधी घरच्या एका बोर्डाइतकाच पडतो. माझा त्याला विरोध नाही. ट्रॅक चिपच्या पायांमधून न्यावाच लागणार असेल, किंवा पृष्ठभागावर चिकटवायचे बारीक पार्ट असतील, तर पेनाचा हट्ट धरू नये. घरचा बोर्ड दोन कारणांसाठी. दुपारी सुचलेलं सर्किट रात्री चालवून बघायचं असतं, आणि पोरांना ट्रॅक म्हणजे नक्की काय ते बोटांनी कळायला हवं असतं.

पण कारखान्यात जाते ती फाइलसुद्धा प्लॉटरचीच लेक आहे. व्हिएन्नात १९२४ मध्ये जन्मलेल्या, नाझींपासून निसटून अमेरिकेत गेलेल्या जोसेफ गर्बर यांच्या कंपनीने असा प्लॉटर बनवला, ज्याच्यात पेनाच्या जागी प्रकाशाचा झोत होता आणि कागदाच्या जागी फोटोची फिल्म. त्याच्या फाइलमधलं डी०१ म्हणजे झोत चालू ठेवून सरक, डी०२ म्हणजे बंद करून सरक, डी०३ म्हणजे थांबून एकदा लखकन उमटव. एचपी-जीएलमधलं पेन खाली आणि पेन वर हेच, फक्त पॅड उमटवायला एक आज्ञा जास्त. प्रकाशाच्या पेनाला वजन नाही, शाई नाही, टोक झिजत नाही. कोयनेच्या माणसाला याची ओळख आधीपासून आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे धरणाच्या आतल्या गॅलरीतल्या त्वरणमापकाने भूकंपाची जी नोंद केली, जी पुढे धरणांच्या भूकंपशास्त्रात जगभर वापरली गेली, तीही शाईने काढलेली नव्हती. फोटोच्या कागदावर प्रकाशाच्या ठिपक्याने ओढलेली होती. जमीन एवढ्या जोरात हलत असताना पेन कागदावर टेकून राहिलं असतं का, याचा विचार पाचवा नियम वाचलेल्याने करून बघावा.

१३. बोर्ड झाल्यावर लगेच झाका.

शाई स्पिरिटने पुसली की उघडं तांबं पावसाळी हवेत चोवीस तासांत डागाळतं आणि सोल्डर धरेनासं होतं. राळ स्पिरिटमध्ये विरघळवून एक हात मारावा. ती हवेपासून राखते आणि सोल्डर करताना फ्लक्सचंही काम करते.

१४. वापरलेलं फेरिक गटारात नाही.

इथलं गटार ओढ्याला, ओढा कोयनेला, आणि कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. हिरवट झालेल्या फेरिकमध्ये विरघळलेलं तांबं असतं आणि ते माशांना विष आहे. मोठ्या बादलीत ते भरपूर पाण्यात पातळ करावं आणि धुण्याचा सोडा थोडाथोडा टाकत जावं. फेस खूप येतो, म्हणून बादली अर्धीच भरलेली हवी आणि काम उघड्यावर. फेस यायचा थांबला की लोखंड आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं. वरचं पाणी निथळून गेल्यावर गाळ उन्हात वाळवायचा आणि सिमेंटमध्ये कालवून त्याचा ठोकळा करायचा. पोरांना मी प्लॉटर देतो, सोल्डरिंग गन देतो, ड्रिल देतो. ही बादली आणि कॉस्टिकची बरणी हातमोजे-चष्मा घालून मीच हाताळतो, आणि ते काम पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवतो, कारण ऑक्टोबरच्या उन्हाआधी आमच्याकडे कुठलाच गाळ वाळत नाही.